चौकशीची खिडकी की भिंतीवरचा फलक?

१९ मार्चची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी जायचे म्हणून आम्ही चौघे स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जमलो होतो. चौकशीच्या खिडकीपुढे रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पांढरे लुगडे नेसलेल्या एक आजी. त्यांचा प्रश्न सरळ नव्हता. आज भोरला लेकीकडे मुक्काम, उद्या सकाळी नातवाला घेऊन वरंधा घाटाने महाड, आणि संध्याकाळी भोरला न थांबता परत पुणे. कुठली गाडी धरू, कुठे बदलू? खिडकीतल्या माणसाने मन लावून सगळे सांगितले. भोरच्या वेळा पाहिल्या, पुढच्या गाडीसाठी फोन केला, कागदावर लिहूनही दिले. आजींचे काम झाले. पण तोवर मागे वीसेक माणसे साचली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना एवढेच विचारायचे होते की साताऱ्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते.

त्याच वेळी आमच्यातली एक विद्यार्थिनी भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फलकासमोर उभी होती. फलक कुणाच्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाही. गाव, मार्ग, वेळ एवढेच सांगतो. तिने चार-पाच ओळी वाचल्या, तळहातावर पेनाने वेळा टिपल्या आणि आजींना मिळालेल्या उत्तराच्या जवळपास येऊन पोचली. डोके तिचे खर्च झाले, पण रांग वाढली नाही. फलकासमोर एकाच वेळी पन्नास माणसे उभी राहू शकतात.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दादा, आपला सर्व्हर पडतो तो ह्याच्यामुळंच. आपण खिडकी उघडून बसलोय. फलक लावायला पाहिजे होता."

त्यावरून महाडपर्यंत आमचा वाद झाला. तो अजून पूर्ण मिटलेला नाही. चळवळीची कागदपत्रे, छायाचित्रे, याद्या कॉम्प्युटरवर चढवण्याचे काम आज ठिकठिकाणी तरुण करत आहेत. त्यांच्याही पुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार, म्हणून तो इथे मांडतो आहोत.

आधी आमचे काम काय ते सांगायला हवे. समाजशास्त्रात एम.ए. करताना ग्रंथालयात जे सापडले नाही, ते पुढे वस्त्यांत काम करताना लोकांच्या पत्र्याच्या पेट्यांत सापडले. सभांची पत्रके, जलशाच्या वह्या, नियतकालिकांचे सुटे अंक, विहारांच्या कोनशिलांवरची नावे. गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी आम्ही ह्याच्या नोंदी करतो. सुरुवात एक्सेलच्या तक्त्याने झाली आणि लवकरच गाडी अडली. माणसाचा एक तक्ता, अंकांचा दुसरा, सभांचा तिसरा; एकच माणूस तिन्ही ठिकाणी वेगळ्या नावाने. एका कागदावर 'शिवराम जानबा कांबळे', दुसऱ्यावर 'शि. जा. कांबळे', तिसऱ्यावर नुसते 'कांबळे'. १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढणारे आणि १९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात पुढे असणारे शिवराम जानबा कांबळे एकच, हे आपल्याला माहीत असते. तक्त्याला माहीत नसते.

म्हणून आम्ही लिंक्ड डेटाकडे वळलो. नाव मोठे आहे, गोष्ट साधी आहे. प्रत्येक माहिती तीन शब्दांच्या विधानात मोडायची: कोण, नाते, काय. मुक्ता साळवे – लेखन – निबंध. निबंध – प्रकाशन – 'ज्ञानोदय'. निबंध – साल – १८५५. ह्या तीन घटकांच्या विधानाला ट्रिपल म्हणतात. प्रत्येक माणसाला, गावाला, अंकाला वेबवरचा एक कायमचा पत्ता द्यायचा, म्हणजे नाव कसेही लिहिले तरी पत्ता एकच राहतो. आणि दुसऱ्या कुणी त्याच माणसाबद्दल दुसरीकडे नोंद केली असेल तर तिला आपली नोंद जोडून द्यायची. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये ह्याचे चार नियम लिहिले, ते एका पानात मावतात. अशी हजारो विधाने एकमेकांत गुंफली की जे जाळे तयार होते, त्याला ग्राफ म्हणतात. स्वारगेटवरून एकीकडे फुलेवाडा, दुसरीकडे पर्वती, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. पण मुक्ता साळवेंपासून पर्वतीच्या सत्याग्रहींपर्यंतचा धागा सलग दिसावा अशी पाटी रस्त्यावर कुठे नाही. आमच्या ग्राफमध्ये तो धागा बोटाने शोधता येऊ लागला. तो पहिला दिवस आम्हाला अजून आठवतो. (काका, म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ कार्यकर्ते, पडद्यावर ती रेघ पाहून एवढेच म्हणाले, "हे आम्हाला तोंडपाठ होतं रे." तेही खरेच होते.)

मग आम्ही चूक केली. ग्राफला प्रश्न विचारण्याची स्पार्कल नावाची भाषा आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेने तिला २००८ मध्ये मान्यता दिली. भाषा जबरदस्त आहे. कितीही अटी घाला, कितीही गुंतागुंत करा, एका प्रश्नात सगळे विचारता येते आणि उत्तर शोधण्याचे सगळे कष्ट सर्व्हर करतो. म्हणजे तीच चौकशीची खिडकी. स्वस्तातला भाड्याचा सर्व्हर घेऊन आम्ही ती खिडकी सर्वांसाठी उघडली आणि मागच्या वर्षी १४ एप्रिलच्या आधी सगळ्या ओळखीच्या विहारांत कळवून टाकले.

१४ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास सर्व्हर पडला. चौकाचौकांत मिरवणुकीची तयारी चाललेली, मुले फोनवर बघताहेत की बाबासाहेब पुण्यात कुठे कुठे आले होते, आणि पुढे पांढरा पडदा. रात्री कळले की आमच्याच एका उत्साही पोराने प्रश्न टाकला होता: नोंदींतली कुठलीही दोन माणसे एकमेकांशी कितीही पायऱ्यांनी जोडली असतील, तर ती सगळी दाखवा. त्या एका प्रश्नात सर्व्हर गुंतून पडला आणि बाकीचे बाहेर ताटकळले. आम्ही त्याला रागावलो.

ते रागावणे चुकीचे होते, हे आम्हाला नंतर समजले. आपण पोरांना आयुष्यभर सांगतो की प्रश्न विचारा, मोठे प्रश्न विचारा; आणि त्याने विचारला तर म्हणालो, एवढा मोठा कशाला विचारलास? व्यवस्था अशी उभी केली की एकाच्या जिज्ञासेची किंमत बाकीच्यांनी मोजावी, आणि दोष मात्र जिज्ञासेला दिला. वरून आमच्यातल्या एकाने सुचवले की इथून पुढे मोठे प्रश्न टाकण्याआधी समितीची परवानगी घ्यावी. चळवळीत समिती सुचवायला कधी कुणाला वेळ लागत नाही. पण प्रश्न जड की हलका हे ठरवणारा एकदा खिडकीत बसला, की थोड्याच दिवसांत तो प्रश्न योग्य की अयोग्य हेही ठरवू लागतो. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

आमचीच खिडकी पडली असे नाही. २०१३ मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या ४२७ सार्वजनिक स्पार्कल खिडक्यांवर २७ महिने ठेवलेल्या पाळतीचे निष्कर्ष छापले. महिन्यातले ९९ टक्के वा अधिक वेळ चालू राहतील असा भरवसा द्यावा अशा खिडक्या साधारण एकतृतीयांशच निघाल्या. विकिपीडियाच्या भावंडाची, विकिडेटाची खिडकी भरवशाची आहे, पण तिथेही ६० सेकंदांत उत्तर निघाले नाही तर प्रश्न तोडला जातो. ज्या ब्लेझग्राफ नावाच्या सॉफ्टवेअरवर ती उभी आहे, त्याची देखभाल मूळ कर्त्यांनी केव्हाच सोडली. आणि भार इतका वाढला की मे २०२५ मध्ये विद्वत्लेखांच्या नोंदी मुख्य ग्राफमधून काढून वेगळ्या खिडकीत बसवाव्या लागल्या. एवढी मोठी यंत्रणा जिथे दमते, तिथे आमच्या भाड्याच्या सर्व्हरची काय कथा?

आता फलकाकडे येऊ. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातील रुबेन व्हेरबोर्ख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास एक वेगळी पद्धत मांडली: ट्रिपल पॅटर्न फ्रॅगमेंट्स. आम्ही आपसात तिला 'तीन रकान्यांचा प्रश्न' म्हणतो. सर्व्हर एकाच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कोण, नाते, काय ह्या तीन रकान्यांपैकी हवे ते भरा, हवे ते मोकळे सोडा. जुळणारी विधाने तो पानापानाने देतो, एकूण अंदाजे किती आहेत तो आकडा सांगतो आणि पुढचे पान कुठे मिळेल ते दाखवतो. संपले. दोन अटी जोडणे, गाळणे, मोजणे, क्रम लावणे हे सगळे विचारणाऱ्याच्या फोनने किंवा कॉम्प्युटरने करायचे.

उदाहरणाने सांगतो. प्रश्न असा: पर्वतीच्या सत्याग्रहातले कोण पुढे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या तिकिटावर पहिल्या लोकसभेत गेले? खिडकीवर हा एकच प्रश्न. फलकावर त्याचे तुकडे होतात. पर्वती सत्याग्रहात सहभागी कोण? फेडरेशनमध्ये कोण होते? फेडरेशनतर्फे १९५२ च्या लोकसभेत निवडून कोण आले? विचारणारा प्रोग्राम आधी तिन्हींचे फक्त आकडे पाहतो. पहिल्यात समजा काही डझन नावे, दुसऱ्यात शेकडो. तिसऱ्यात दोनच: सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि करीमनगरहून एम. आर. कृष्णा. मग तो शेकडो नावे उतरवून घेत बसत नाही. ह्या दोघांपासून सुरुवात करतो आणि प्रत्येकाबद्दल छोटा प्रश्न टाकतो, हे पर्वतीवर होते का? राजभोजांच्या नावाला होकार येतो. आमच्या विद्यार्थिनीने तळहातावर आधी महाडची गाडी लिहिली आणि मग मागे भोरकडे आली, ते हेच. जिथे पर्याय सर्वांत कमी तिथून धागा पकडायचा.

ह्यात सर्व्हरला जवळजवळ काहीच कष्ट नाहीत. ट्रिपल एचडीटी नावाच्या दाबून बसवलेल्या फाइलमध्ये ठेवले, तर तीन रकान्यांचे उत्तर आणि आकडा त्या फाइलमधून थेट निघतात. त्याला जुना लॅपटॉपही पुरतो. आणखी एक फायदा आम्हाला १४ एप्रिलमुळे कळला. स्पार्कलमध्ये प्रत्येकजण आपला प्रश्न वेगळ्या शब्दांत लिहितो, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या सहसा कामी येत नाही. तुकडे मात्र सगळ्यांचे तेच तेच असतात. जयंतीच्या दिवशी हजार मुले बाबासाहेबांच्याच नोंदी मागणार. एकदा दिलेले पान वाटेतच साठवून ठेवता येते आणि पुढच्या शेकडो जणांना तिथूनच मिळते, सर्व्हरपर्यंत यावेच लागत नाही. गर्दीचा दिवस हा अशा रचनेचा सगळ्यात सोपा दिवस ठरतो.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग वाद कसला? वाद असा, की कष्ट नाहीसे झालेले नाहीत. ते खिडकीतून रांगेत आले आहेत. जो प्रश्न सर्व्हरने एका फटक्यात सोडवला असता, त्यासाठी आता फोन शेकडो वेळा सर्व्हरशी बोलतो. उत्तर उशिरा येते आणि डेटा जास्त लागतो. व्हेरबोर्ख यांनी स्वतःच हे लपवलेले नाही; भरवसा वाढतो, वेग घटतो, असेच त्यांचे मोजमाप सांगते. काका गाडीत नेमके ह्यावरच अडून बसले. "म्हणजे सर्व्हरचं भाडं वाचवायला तुम्ही पोराच्या रिचार्जवर हात टाकणार. जनता वसाहतीतल्या पोराकडं दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला असतो. श्रम गरिबावर ढकलायचे आणि त्याला स्वावलंबन म्हणायचं, हे आपण दुसऱ्यांच्या तोंडून खूप ऐकलंय."

ह्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. आजही नाही. तोडगा असा काढला की रोजचे प्रश्न, म्हणजे कुठला अंक कुठे आहे, कुठल्या सभेत कोण बोलले, हे एक-दोन तुकड्यांतच सुटतील अशा रीतीने नोंदी बांधायच्या. मोठ्या प्रश्नांसाठी पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर विहारांत आणि अभ्यासिकांत ठेवायची. ज्याला सगळ्या माणसांची सगळी नाती शोधायची आहेत त्याने ती फाइल घ्यावी, आपल्या मशीनवर रात्रभर प्रश्न चालवावा. त्यात कुणाची रांग अडत नाही. फ्रान्समधल्या नांतच्या संशोधकांनी सेज नावाचा मधला मार्गही काढला आहे. तिथे खिडकी पूर्ण प्रश्न घेते, पण ठरावीक वेळ झाला की अर्ध्यावर थांबवून हातात चिठ्ठी देते. चिठ्ठी घेऊन पुन्हा रांगेत या, जिथे थांबले तिथून पुढे चालू. कुणाचाच प्रश्न तोडला जात नाही आणि कुणीच खिडकी अडवत नाही. हा मार्ग आम्हाला मनापासून आवडतो. चालवायला माणूस मिळाला की करून पाहू.

पेनड्राइव्हवर मात्र आमचे दुमत नाही. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः छापली, हे मोठे काम झाले. पण खंडांची छपाई रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, हेही आपण पाहिले. जिथे प्रत एकाच ठिकाणी, तिथे चावीही एकाच हातात. आज ती चावी आमच्या हातात आहे, म्हणून आम्ही चांगले आहोत असे कुणी समजू नये. आमचे पैसे संपले, आमच्यात भांडण झाले, तर खिडकी बंद होईल. फाइल दहा ठिकाणी असेल तर कुणीही दुसरा फलक लावू शकेल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. फलकावर जे लिहिले ते सगळ्यांना दिसते. खिडकीतला माणूस निदान एखादा प्रश्न नाकारू शकतो. तीन रकान्यांच्या सर्व्हरला विचारणाऱ्याच्या मनातला पूर्ण प्रश्न कळतच नाही, त्याला तुकडे दिसतात. एका बाजूने हे आपल्या फायद्याचे आहे. कुठला कार्यकर्ता कशाचा शोध घेतोय ह्याची एकसंध नोंद कुठे राहत नाही. तुकड्यांवरून अंदाज बांधता येतो, पण तो बांधावा लागतो. दुसऱ्या बाजूने, कुणी वाईट हेतूने तुकडे जोडत असेल तर तेही कळणार नाही.

आणि आमच्या नोंदींत काय काय होते? देणगीदारांच्या याद्या, विहारांचे सभासद, गाव, आडनाव. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. विकिडेटामध्ये धर्मासाठी पी१४० हा गुणधर्म आहे. जगाच्या दृष्टीने 'धर्म: बौद्ध' ही साधी माहिती. महाराष्ट्रात आडनावाशेजारी ती लिहिली की पुण्यात खोली भाड्याने देणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. तो आडनाव, गाव, मग 'पूर्ण नाव सांगा' असे तीन प्रश्न फोनवर विचारतोच. त्याचेही तीन रकाने आहेत. आपण त्याला यंत्र बनवून द्यायचे का?

आमच्यातल्या काहींचे म्हणणे, जात लपवण्याची भाषा आपली नव्हे. आपण अभिमानाने सांगतो. ज्याला सांगायचे आहे त्याने स्वतःबद्दल जरूर सांगावे. पण पंधरा वर्षांपूर्वी विहाराला पन्नास रुपये देऊन पावती घेतलेल्या बाईने ह्यासाठी होकार दिलेला नाही. म्हणून हयात असलेल्या, सार्वजनिक जीवनात नसलेल्या कुणाचेही नाव, गाव, देणगी आम्ही ग्राफमधून काढले. हलकी पद्धत स्वीकारली तर ही चाळणी प्रकाशनाआधीच लावावी लागते. नंतर प्रश्न अडवू असे म्हणून चालत नाही, आणि पेनड्राइव्ह वाटल्यावर तर मुळीच नाही. ह्या कामात आमचे तीन महिने गेले. सर्व्हर बदलायला दोन रविवार पुरले होते.

ह्या वर्षी १४ एप्रिलला फलक लावला. दिवसभर तो पडला नाही. दुपारी आमच्या विद्यार्थिनीने काकांच्या फोनवर एक प्रश्न भरून दाखवला: पर्वतीच्या सत्याग्रहात सहभागी झालेल्या स्त्रिया. तुकडा लगेच आला. वर आकडा होता: ०.

काका चिडले. "शून्य? बाया नव्हत्या म्हणतोय का हा?" तिने समजावले की लिंक्ड डेटामध्ये शून्याचा अर्थ 'नव्हत्या' असा घेत नाहीत, 'आमच्याकडे लिहिलेले नाही' असा घेतात. काकांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, पर्वती पायथ्याला एक म्हातारी आहे, तिची सासू त्या दिवसांबद्दल काहीतरी सांगायची, असं तिनं एकदा बोलून दाखवलं होतं. ऐकायला कमी येतं, पण सकाळी बोलते. येत्या रविवारी नऊ वाजता आम्ही स्वारगेटला, जेधे चौकात भेटतो आहोत. वही आणि पेन घेऊन यावे.